३६ हजार फेऱ्यांची नोंदवही: स्लेव्हव्हॉयेजेस ही साइट एका जहाजी माणसाने वापरली तेव्हा

मी बल्क कॅरियरवर, म्हणजे धान्य-खनिजासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, चीफ ऑफिसर आहे. घर गुहागर तालुक्यात, पण वर्षातले सात-आठ महिने पाण्यावरच जातात. जहाजावरचा माल माझ्या ताब्यात असतो. कुठल्या होल्डमध्ये (मालाच्या कोठारात) किती टन, बॅलास्ट, म्हणजे तोल राखायला तळाशी घ्यायचं वजन, किती ठेवायचा, गोडं पाणी किती दिवस पुरेल, हे हिशेब मी रोज करतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या साइटबद्दल लिहितोय ती अशाच हिशेबांची बनलेली आहे. त्या हिशेबातला माल म्हणजे माणसं होती.

साइटचं नाव स्लेव्हव्हॉयेजेस डॉट ऑर्ग. आफ्रिकेतली माणसं विकत घेऊन अटलांटिकपलीकडे विकायला नेणाऱ्या जहाजांच्या फेऱ्यांची ही नोंदवही. १५१४ ते १८६६ या काळातल्या ३६ हजारांहून जास्त फेऱ्या तिच्यात आहेत. १९९९ मध्ये ती आधी सीडीवर निघाली, तेव्हा २७ हजारांवर फेऱ्या होत्या. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने ती सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुली केली. डेव्हिड एल्टिस, डेव्हिड रिचर्डसन, स्टीफन बेहरंट, हर्बर्ट क्लाइन अशा अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांच्या दप्तरांतून कागद काढून एकेक फेरी जुळवली. वापरायला पैसे पडत नाहीत.

मला तिचा पत्ता लागला घानामध्ये. ताकोरादी बंदरात मँगनीज भरत होतो आणि लोडिंग मध्येच थांबलं. दिवस मोकळा मिळाला, तशी आम्ही तिघांनी शोअर पास (किनाऱ्यावर उतरायची परवानगी) घेतला आणि गाडी करून पूर्वेला केप कोस्टला गेलो. तिथला किल्ला १६६४ पासून इंग्रजांकडे होता. पांढऱ्याशुभ्र भिंती, समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या तोफा. कोकणातल्या माणसाला समुद्रकाठचा किल्ला नवा नसतो, म्हणून मी जरा सैलपणेच आत शिरलो. पुरुषांच्या तळघरात उतरल्यावर गाइडने जमिनीकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, की खाली विटांची फरशी आहे आणि तिच्यावर चढलेला हा काळा थर माणसांच्या मलमूत्राचा आहे, पिढ्यान्‌पिढ्या साचून घट्ट झालेला. या तळघराच्या बरोबर वर इंग्रजांचं प्रार्थनाघर होतं.

मग समुद्राकडचा दरवाजा आला. आत ‘परत न येण्याचा दरवाजा’ अशी पाटी आहे. बाहेर पाऊल टाकलं तर समोर हर्णैसारखा देखावा: रंगवलेल्या होड्या, पसरलेली जाळी, जाळी सांधत बसलेले लोक. बाहेरच्या बाजूला पाटी आहे ‘परतीचा दरवाजा’. १९९८ मध्ये जमैका आणि अमेरिकेतून दोन गुलामांचे अवशेष आणून याच दारातून आत नेले, तेव्हापासूनची.

मी सवयीने अँकरेज, म्हणजे जहाजं नांगरायची जागा, कुठे असेल ते बघत होतो. किनाऱ्याला लाटा फुटतात, मोठं जहाज जवळ येणं शक्यच नाही. गाइडला विचारलं, तर तो म्हणाला, “जहाजं लांब नांगरलेली असायची, माणसांना होड्यांतून लाटा ओलांडून न्यायचे. तुम्ही जहाजावरचे ना? मग त्या जहाजांची नावं बघा, सगळी इंटरनेटवर आहेत.” आणि त्याने माझ्याच फोनवर साइट टाइप करून दिली.

माझी वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, चार ते आठची. रात्री आठनंतर केबिनमध्ये बसून वाचायला लागलो. आमच्या जहाजावर इंटरनेट मोजून मिळतं, त्यामुळे साइटवरची आकडेवारी डाउनलोड करून घेता येते हे फार उपयोगी पडलं. ज्यांच्याकडे सलग नेट नाही त्यांनी हेच करावं.

वापरायची रीत सोपी आहे. डाव्या हाताला गाळण्या असतात: जहाज, देश आणि मालक, मार्ग, तारखा, कप्तान आणि खलाशी, बंदिवान, फेरीचं काय झालं, आधाराचे कागद. वर्षं निवडायची, बंदर निवडायचं, की खाली फेऱ्यांची यादी येते. एका फेरीवर क्लिक केलं की तिचं सगळं पान उघडतं. जहाजाचं टनेज, झेंडा, तोफा, कप्तानाचं नाव, निघताना खलाशी किती, वाटेत मेले किती, बंदिवान किती चढवले, किती उतरवले, वाटेत किती दिवस लागले. बंदिवानांनी उठाव केला असेल तर त्यासाठीही रकाना आहे. शेवटी ही माहिती कुठल्या कागदातून घेतली ते लिहिलेलं. जिथे कागद अपुरा आहे आणि आकडा अंदाजाने भरला आहे, तिथे तो अंदाज आहे हे वेगळं दाखवलेलं. हा प्रामाणिकपणा मला सगळ्यात जास्त भावला. इंग्रजी, स्पॅनिश आणि पोर्तुगीज या भाषांत साइट चालते. इंग्रजी रकाने ज्याला वाचता येतात त्याला अडचण येऊ नये.

दिवसांचा रकाना मात्र सावकाश वाचा. युरोपातून माल घेऊन आफ्रिका, तिथून माणसं घेऊन अमेरिका, तिथून साखर-तंबाखू घेऊन परत घर, असा या जहाजांचा त्रिकोण असे. त्यातला मधला टप्पा, ज्याला ‘मिडल पॅसेज’ म्हणतात, त्याचे दिवस मोजताना जहाज आफ्रिकेचा किनारा सोडतं तिथपासून मोजतात. अंगोलाहून ब्राझीलला महिना-सव्वा महिना, गिनीच्या किनाऱ्यावरून कॅरिबियनला दोन महिने किंवा जास्त. पण जहाज भरायलाच कित्येकदा महिने लागत. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, इथे पाच माणसं घ्यायची, तिथे बारा. ज्याला पहिल्यांदा चढवलं तो शेवटचा माणूस चढेपर्यंत त्याच डेकखाली, जमीन दिसत असलेल्या पाण्यात, बेड्यांत. आम्ही अँकरेजला पंधरा दिवस पडून राहिलो तर क्रूची चिडचिड सुरू होते, मेसमध्ये भांडणं होतात. म्हणून तो रकाना वाचताना मी प्रत्येक आकड्यात मनाने ते महिने मिळवत गेलो.

आता झाँग या जहाजाची फेरी. नाव आधी ऐकलेलं होतं, पण तिची हकीकत एखाद्या अपघाताच्या चौकशी अहवालासारखी कधी वाचली नव्हती. तशी वाचली आणि त्या रात्री झोप लागली नाही.

जहाज ११० टनांचं, मूळ डच, पकडून लिव्हरपूलच्या विल्यम ग्रेगसन आणि भागीदारांसाठी घेतलेलं. कप्तान ल्यूक कॉलिंगवुड. तो आधी दुसऱ्या जहाजावर डॉक्टर होता, जहाज चालवण्याचा अनुभव जवळजवळ नाही. खलाशी १७. १८ ऑगस्ट १७८१ रोजी अक्राहून निघताना डेकखाली ४४२ माणसं. साओ टोमेला पाणी भरून ६ सप्टेंबरला ते पश्चिमेला लागलं. नोव्हेंबरात कॅरिबियनमधल्या टोबॅगो बेटाजवळून गेलं, पण तिथे पाणी घेतलं नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस जमैका दिसलं, सुमारे २७ सागरी मैलांवर. त्यांना वाटलं ते सेंट-डोमिंग्यू, म्हणजे आजचं हैती. तसेच पुढे गेले. चूक कळली तेव्हा जमैका बरंच मागे राहिलं होतं, आणि तेही वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे परतायचं तर वारा समोरून.

जमैकाचं ब्लू माउंटन शिखर २,२५६ मीटर उंच आहे. त्या काळी रेखांश नीट काढता येत नव्हता हे मला ठाऊक आहे, चूक कुणाचीही होऊ शकते. पण वाटेत बेट लागलं असताना पिंपं न भरणं ही चूक होत नाही. पाण्याचा हिशेब चुकला तर उत्तर कुणी द्यायचं, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

उत्तर द्यावं लागलं त्या ४४२ मधल्यांना. तोवर साठाच्या वर माणसं रोगाने मेली होती. पाणी चार दिवसांचं उरलं आहे असं म्हणत २९ नोव्हेंबरला ५४ बायका आणि मुलं केबिनच्या खिडक्यांतून समुद्रात ढकलली. १ डिसेंबरला ४२ पुरुष. त्यानंतर आणखी ३६. दहा जणांनी हात लागायच्या आधी स्वतःच उड्या घेतल्या. एक जण दोर धरून पुन्हा वर चढला. मधल्या दिवसांत पाऊस पडला, सहा पिंपं भरली. २२ डिसेंबरला जहाज जमैकाला लागलं तेव्हा २०८ माणसं जिवंत होती आणि जहाजात ४२० गॅलन पाणी शिल्लक होतं. म्हणजे १,९०० लिटर. हा आकडा मी माझ्या वहीत दोनदा गुणून पाहिला.

मालकांनी विमा मागितला, माणशी ३० पौंड. माणूस आजाराने मेला तर विमा मिळत नसे. जहाज वाचवण्यासाठी माल टाकावा लागला, तर मिळे. माल फेकण्याच्या या नियमावर मी स्वतः परीक्षेत उत्तर लिहिलेलं आहे, जनरल अ‍ॅव्हरेजच्या, म्हणजे जहाज वाचवायला टाकलेल्या मालाचं नुकसान सगळ्यांनी वाटून घेण्याच्या, धड्यात. १७८३ च्या मार्चमध्ये लंडनच्या गिल्डहॉलमध्ये ज्यूरीने मालकांच्या बाजूने निकाल दिला. पुढे अपिलात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डने ज्यूरीचं म्हणणं सांगितलं, की घोडे टाकले असते तर जसं झालं असतं तसंच हे. वरच्या कोर्टाने खटला पुन्हा चालवायला सांगितलं, पण खुनाचा खटला कुणावरही झाला नाही. जहाजाचं लॉगबुक जमैकाला पोचल्यावर गहाळ झालं होतं. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पकडे ही बातमी घेऊन गेला तो ओलाउदाह इक्वियानो, जो स्वतः लहानपणी विकला गेला होता आणि पुढे पैसे भरून सुटला होता. इंग्लंडात लोक जागे व्हायला लागले ते या खटल्यानंतर.

साइटवर एक त्रिमिती चित्रफीतही आहे, ल’ऑरोर या फ्रेंच जहाजाची, १७८४ सालची. डेक, डेकच्या मध्ये आडवी घातलेली लाकडी भिंत, पुरुष एका बाजूला आणि बायका-मुलं दुसऱ्या बाजूला, आणि कठड्याला बांधलेली जाळी. मला वाटलं जाळी मासेमारीची. ती माणसांनी समुद्रात उडी मारू नये म्हणून होती. अभ्यासकांचा अंदाज आहे की दहातल्या एका फेरीत तरी बंदिवानांनी उठाव केला. त्या लाकडी भिंतीत बंदुकांसाठी भोकं ठेवत ती यासाठीच.

चित्रफीत पाहिल्यावर मी मोजपट्टी काढून माझा बंक मोजला. आम्हा खलाशांसाठी आज जो आंतरराष्ट्रीय नियम आहे त्यात बंक किमान १९८ सेंटिमीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद असावा लागतो. ब्रूक्स नावाच्या लिव्हरपूलच्या जहाजाचा नकाशा १७८८ मध्ये इंग्लंडात छापून वाटला होता. माणसं कडेला कड लावून झोपवलेली, हा नकाशा बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. त्यात पुरुषाला दिलेली रुंदी १ फूट ४ इंच, म्हणजे ४० सेंटिमीटर. माझ्या बंकच्या बरोबर निम्मी. मुलीला १ फूट. मधल्या फळीच्या वर मोकळी उंची अडीच फुटांच्या आसपास, त्यामुळे उठून बसताही येत नसे. आणि हा नकाशा १७८८ च्या ब्रिटिश कायद्याने त्या जहाजाला ठरवून दिलेल्या ४५४ माणसांच्या हिशेबाने काढलेला आहे. कायद्याआधी त्याच ब्रूक्सवर ६०९ माणसं नेलेली होती. मी स्टोवेज प्लॅन, म्हणजे माल कुठे कसा रचायचा याचा नकाशा, काढतो, कुठल्याही होल्डमध्ये धान्य हलू नये म्हणून जीव टाकतो. ब्रूक्सचा नकाशाही स्टोवेज प्लॅनच आहे. तो छापणाऱ्यांनी लोकांना हादरवण्यासाठी छापला, आणि त्यांचा हेतू आजही साधतो.

अंदाजांचं पान वेगळं आहे. हरवलेल्या फेऱ्याही धरून त्यात एकूण हिशेब मिळतो: आफ्रिकेत चढवलेली माणसं १ कोटी २५ लाख, पलीकडे उतरवलेली १ कोटी ७ लाख. मधला फरक १८ लाखांचा. झेंड्यानुसार पाहिलं तर पोर्तुगाल आणि ब्राझील पहिले, ५८ लाखांवर. म्हणजे ज्यांचं राज्य आपल्या शेजारी गोव्यात १९६१ पर्यंत होतं तेच. मग ब्रिटन, साडेबत्तीस लाख. आणखी एक गोष्ट अनेकांना धक्का देईल. गुलामगिरी म्हटलं की आपल्याकडे अमेरिकेचे कापसाचे मळे डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरवलेले सुमारे ३ लाख ८९ हजार; एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांहून जास्त. मागच्या कॉन्ट्रॅक्टला रिओला होतो, तेव्हा बंदराच्या कामात २०११ मध्ये सापडलेला वालोंगोचा दगडी धक्का, जिथे ही माणसं उतरवत, पाहिला होता. तेव्हा मला ते नुसते दगड दिसले होते. आता पुन्हा जायचं आहे.

साइट जे सांगत नाही तेही सांगायला हवं. या माणसांची किंमत कशात दिली गेली, हे तिच्या रकान्यांत येत नाही. आणि त्याचा धागा थेट आपल्या समुद्रापर्यंत येतो. गुजरातचं आणि कोरोमंडलचं सुती कापड युरोपातून फिरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात असे आणि त्याच्या बदल्यात माणसं घेतली जात. दुसरी वस्तू म्हणजे कवड्या. मालदीवच्या उथळ पाण्यातून काढलेल्या, सिलोन-बंगालमार्गे ॲमस्टरडॅम आणि लंडनला, तिथून उइदासारख्या आफ्रिकन बंदरांत. तिथे त्या पैसा म्हणून चालत. हिंदी महासागरातून परतणारी जहाजं त्या तळाशी बॅलास्ट म्हणून भरत. कवडीमोल, फुटकी कवडी, हे शब्द मी आयुष्यभर वापरले. जहाजाच्या तळातल्या त्या पोत्यांच्या बदल्यात माणूस मिळत होता, हे कळल्यापासून तो शब्द तोंडात येताना अडखळतो.

आपल्याकडच्या वाचकांना एक गल्लत टाळायला सांगतो. सिद्दी, हबशी, जंजिरा, मलिक अंबर हे मनात घेऊन कुणी ही साइट उघडेल. ते लोक अरबी समुद्रमार्गे इकडे आले, तो व्यापार वेगळा. ही साइट अटलांटिकची आहे.

कुणी वापरावी? इतिहासाच्या शिक्षकांनी नक्की. नववी-दहावीच्या मुलांना घेऊन बसायचं असेल तर नकाशापासून सुरुवात करा. वर्षं सरकत जातात आणि ठिपके आफ्रिकेकडून पश्चिमेला सरकतात, त्यात कुणालाही काही समजावून सांगावं लागत नाही. मग एक फेरी उघडा. सगळी यादी एकदम उघडू नका, आकड्यांची सवय होते आणि ती सवय वाईट आहे. माझ्या हाताखालच्या कॅडेटला (शिकाऊ अधिकाऱ्याला) मी झाँगचं पान वाचायला लावलं आणि टोबॅगोजवळ त्याने काय केलं असतं ते लिहायला सांगितलं. त्याने अर्धं पान लिहिलं. पहिली ओळ होती, “पाणी भरलं असतं.”

सगळ्यात शेवटी मी नावांचा विभाग उघडला, आणि खरं तर तोच आधी उघडायला हवा होता. फेऱ्यांच्या पानांवर कप्तानाचं नाव असतं, मालकाचं असतं, बंदिवानाचं नसतं. कारण ज्यांनी कागद लिहिले त्यांनी ती लिहिलीच नाहीत. पण १८०७ मध्ये ब्रिटनने व्यापार बंद केल्यावर त्यांच्या आरमाराने इतरांची जहाजं पकडायला सुरुवात केली. पकडलेली जहाजं फ्रीटाउन, हवाना अशा ठिकाणच्या कोर्टांपुढे नेत, आणि डेकखालून निघालेल्या माणसांची कारकून एकेक करून नोंद घेत: नाव, वय, बाई की पुरुष, उंची. दुभाष्याला विचारून, कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. अशी ९१,४९१ माणसं साइटवर आहेत. ती नावं मूळ कुठल्या भाषेतली असतील, हे ऐकून ओळखायला आफ्रिकेतल्या लोकांनाही बोलावलं गेलं.

सुट्टीवर घरी आल्यावर ते पान मी आईला दाखवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी वाचत गेलो आणि ती ऐकत होती. नावं माझ्या तोंडून नीट निघत नव्हती. वय वाचायला लागलो: वीस, बावीस, अकरा, नऊ, आठ.

“थांब,” ती म्हणाली. “ती आठ वर्षांची पोर. तिची आई होती का रे तिच्यासोबत?”

मी त्या ओळीतले सगळे रकाने पुन्हा वाचले. नाव, वय, उंची, जहाज.